समुद्रातल्या विहिरी आणि वहीतल्या नोंदी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला, "तुझ्या कामाबद्दल वीस मिनिटं बोल." मी म्हटलं, माझं काम ऐकून लोकांना झोप येईल. त्यावर उत्तर मिळालं, "जेवणाआधी ठेवतो, म्हणजे भुकेने तरी जागे राहतील." तेव्हा दोष माझा नाही.

दहावी होऊन आपल्याला तीस वर्षं झाली. आपल्या व्हॉट्सॲप गटावर माझी ओळख 'ती सॉफ्टवेअरमध्ये आहे' एवढीच आहे. कोणाचा प्रिंटर बंद पडला की मला फोन येतो. प्रिंटरचं मला काही कळत नाही, हे आज सगळ्यांसमोर एकदाचं सांगून टाकते. माझं काम वेगळं आहे. खोल समुद्रात तेल आणि वायू काढणारे जे प्लॅटफॉर्म असतात, त्यांच्यावर शेकडो मापकं बसवलेली असतात. दाब, तापमान, प्रवाह, वायूगळती, समुद्रात सोडलेल्या पाण्यातलं तेल, असं सगळं ती मोजत असतात. ते आकडे गोळा करणं, तपासणं आणि नियामक संस्थेकडे जाणाऱ्या अहवालात नीट मांडणं, यासाठीची प्रणाली आमचा गट लिहितो. मी पेट्रोलियम इंजिनिअर नाही. पण ते आकडे रोज माझ्यासमोर असतात, आणि आपण सगळे किनाऱ्यावरच्या शाळेत शिकलो, म्हणून हा विषय निवडला.

'मुंबई हाय' हे नाव आपण भूगोलात पाठ केलं होतं. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर समुद्रात तेल आहे, 'सागर सम्राट' या जहाजाने १९७४ मध्ये ते शोधलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. एका गुणाचा प्रश्न होता. प्रत्यक्षात तिथे विहिरी, प्लॅटफॉर्म आणि समुद्रतळावरून उरणकडे येणाऱ्या वाहिन्या असं एक गावच वसलेलं आहे. किनाऱ्यावरून ते दिसत नाही. आणि जे दिसत नाही, त्याचे नियम पाळले जातात की नाही हे कोण बघणार, हा माझ्या बोलण्याचा खरा विषय आहे.

समुद्रात काय काय जातं?

तेलगळती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळा किनारा आणि तेलाने माखलेले पक्षी येतात. ते अपघाताचं चित्र झालं. पण रोजच्या सुरळीत कामातही प्लॅटफॉर्ममधून समुद्रात बरंच काही जात असतं. विहीर खोदताना निघालेला खडकाचा चुरा जातो, त्याला चिकटलेला खोदाईचा चिखल जातो. जो वायू वापरता येत नाही तो जाळला जातो. आणि सगळ्यात जास्त जातं ते पाणी.

तेलाच्या विहिरीतून नुसतं तेल येत नाही. खडकात तेलाबरोबर लाखो वर्षं अडकलेलं खारं पाणीही वर येतं. विहीर तरुण असताना ते कमी असतं. वय वाढतं तसं तेल कमी आणि पाणी जास्त होत जातं. आपल्याही वयाचं तसंच काहीसं आहे, पण ते असो. जुन्या क्षेत्रांत तर तेलापेक्षा पाणीच कितीतरी अधिक निघतं. ते तेलापासून वेगळं करतात आणि एकतर पुन्हा जमिनीखाली दाबतात किंवा स्वच्छ करून समुद्रात सोडतात. कितीही स्वच्छ केलं तरी थोडं तेल राहतंच. ते किती राहिलेलं चालेल, इथून नियम सुरू होतो.

आपल्या देशातला नियम असा आहे: समुद्रात सोडलेल्या या पाण्यात दर लिटरला ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त तेल नसावं. ९५ टक्के निरीक्षणांत ही मर्यादा पाळली गेली पाहिजे आणि कुठल्याही परिस्थितीत १०० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. दर आठ तासांनी एक, असे दिवसाला तीन नमुने घ्यायचे आणि त्यांची सरासरी काढायची. आणखी एक महत्त्वाचा शब्द त्यात आहे: पाणी 'न मिसळता'. म्हणजे दुधात पाणी घालून फॅट कमी दाखवण्याची सोय नाही. हा नियम लिहिणाऱ्याने गवळी पाहिलेला असणार.

४० मिलिग्रॅम म्हणजे किती? तेलाचा एक लहान थेंब. एक लिटर पाण्यात एक थेंब, असा अंदाज धरा. ऐकायला फारच थोडं वाटतं. पण एका प्लॅटफॉर्मने दिवसाला दहा लाख लिटर पाणी सोडलं तर त्यातून ४० किलो तेल समुद्रात जातं, तेही नियम पूर्ण पाळून. पाणी दहापट झालं तर ४०० किलो. दर लिटरमागे मर्यादा पाळली जाते, अहवालात हिरवी खूण येते, आणि समुद्रात जाणारं एकूण तेल मात्र वाढत राहतं. क्षेत्र जुनं होतं तसं पाणी वाढत जातं, म्हणून हा प्रश्न काल्पनिक नाही.

उत्तर समुद्राच्या काठच्या देशांनी इथे एक शहाणपणाची गोष्ट केली. 'ऑस्पार' नावाचा त्यांचा करार आहे. त्यात त्यांनी दर लिटरची मर्यादा ४० वरून ३० मिलिग्रॅमवर आणलीच, शिवाय या पाण्यातून जाणारं एकूण तेल २००० सालच्या तुलनेत २००६ पर्यंत १५ टक्क्यांनी कमी करायचं असंही ठरवलं. म्हणजे दर आणि बेरीज, दोन्हींवर लक्ष. बाजारात मासळीचा भाव किती हे विचारून भागत नाही, टोपलीत किती आहे तेही बघावं लागतं.

तेल कशाला म्हणायचं?

आता जरा मजेशीर भाग. पाण्यातलं तेल मोजायचं म्हणजे आधी तेल कशाला म्हणायचं ते ठरवावं लागतं. पाण्यात बारीक थेंबांच्या रूपात तरंगणारं तेल वेगळं आणि साखरेसारखं पाण्यात विरघळलेलं बेंझीनसारखं द्रव्य वेगळं. मोजण्याच्या पद्धती निराळ्या, त्यामुळे एकाच बाटलीतल्या पाण्याचे आकडेही निराळे येतात. उत्तर समुद्रात एक पद्धत, अमेरिकेत दुसरी. पूर्वी अनेक ठिकाणी तेल वेगळं करायला जो द्रव वापरत, तो ओझोनच्या थराला घातक ठरला म्हणून बंद करावा लागला. मग पद्धत बदलली आणि जुने-नवे आकडे थेट एकमेकांशेजारी ठेवणं अवघड झालं. म्हणून 'आमचं पाणी तीस आणि त्यांचं चाळीस' असं कोणी सांगितलं तर पहिला प्रश्न विचारायचा, कुठल्या पद्धतीने मोजलं?

दिवसाला तीन नमुने, म्हणजे चोवीस तासांत तीन बाटल्या. मधल्या वेळात काय झालं ते बाटलीला माहीत नसतं. म्हणून अलीकडे वाहिनीवरच सतत मोजणारी यंत्रं बसवतात. ती पाण्यात प्रकाश सोडून तेलाचा अंदाज घेतात. पण त्यांच्या काचेवर मेण आणि क्षार बसतात. काच मळली की यंत्र चुकीचं बोलू लागतं, कधी फार जास्त, कधी फार कमी. मग प्रयोगशाळेतल्या बाटलीशी ताळा घ्यावा लागतो. एकट्या यंत्रावर किंवा एकट्या माणसावर विसंबून चालत नाही, दोघांची साक्ष जुळावी लागते.

इथे मला आपल्या शास्त्राच्या बाईंची आठवण येते. बाई समोर बसल्या आहेत, म्हणून थोडं जपून सांगते. प्रयोगवहीत निरीक्षणाच्या रकान्यात खाडाखोड दिसली की बाई वही परत द्यायच्या. निष्कर्ष चुकला तर अर्धा गुण कापत, पण निरीक्षण बदललं तर पूर्ण पान पुन्हा. आपल्याला तेव्हा तो छळ वाटायचा. लोलकाचे आंदोलनकाल आदल्या वर्षीच्या वहीतून उतरवून काढणारे आपल्यात कोण होते, ते मी सांगणार नाही. ते आज बँकेत मोठ्या पदावर आहेत.

माझ्या कामात हीच गोष्ट फार मोठी होऊन आली. काही वर्षांपूर्वी परदेशातल्या एका ग्राहकासाठी आम्ही अहवालाची प्रणाली करत होतो. सतत मोजणारं यंत्र मधूनमधून बंद पडायचं आणि आकड्यांच्या ओळीत रिकाम्या जागा राहायच्या. त्यांच्याकडून सूचना आली: रिकामी जागा दिसली की तिथे आधीच्या तासाचा आकडा भरा, आलेख तुटक दिसतो. सूचना करणारा माणूस वाईट नव्हता. त्याला खरोखरच आलेख नीटनेटका हवा होता. पण मी आणि माझ्या सहकाऱ्यांनी ते मान्य केलं नाही. मोजलेला आकडा, शून्य आणि 'मोजलंच नाही' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरीला पहिलीचे कपडे घातले की ते खोटं होतं, मग हेतू कितीही चांगला असो. तीन आठवडे पत्रव्यवहार चालला. शेवटी असं ठरलं की रिकामी जागा रिकामीच राहील, तिच्यावर 'नोंद नाही' असा शिक्का येईल, आणि कुणी एखादा आकडा दुरुस्त केलाच तर जुना आकडा, नवा आकडा, नाव आणि वेळ हे सगळं कायम दिसत राहील. पुढे त्या रिकाम्या जागा एका रांगेत पाहिल्यावर लक्षात आलं की त्या ठरावीक पाळीतच येतात. त्या पाळीत काच साफ करायचं काम कोणाच्या वाट्याला दिलेलंच नव्हतं. रिकाम्या जागेने ते सांगितलं. भरलेल्या जागेने कधीच सांगितलं नसतं.

अपघातानंतरचे नियम

या उद्योगाचे बरेचसे नियम अपघातानंतर लिहिले गेले आहेत. ६ जुलै १९८८ ला स्कॉटलंडजवळ उत्तर समुद्रात 'पायपर अल्फा' हा प्लॅटफॉर्म जळाला. १६७ माणसं गेली. एका पंपाचा सुरक्षा-व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. त्याचा परवाना-कागद लिहिलेला होता, पण रात्रीच्या पाळीतल्या लोकांपर्यंत तो पोचला नाही, आणि त्यांनी तोच पंप सुरू केला. कागद होता, माहिती होती, फक्त योग्य हातात नव्हती. लॉर्ड कलन यांनी चौकशी करून १०६ शिफारशी केल्या. त्यातली मुख्य कल्पना अशी: सरकारने फक्त यादी द्यायची आणि कंपनीने खुणा करायच्या, हे पुरेसं नाही. आपल्या प्लॅटफॉर्मवर काय काय बिघडू शकतं आणि ते आपण कसं रोखणार, हे कंपनीनेच मांडून सिद्ध केलं पाहिजे. याला 'सेफ्टी केस' म्हणतात. गाईड पाठ करून मिळवलेले गुण आणि तोंडी परीक्षेत मिळवलेले गुण यांत जो फरक, तोच हा फरक.

आपल्याकडची तारीख आहे २७ जुलै २००५. आदल्या दिवशी मुंबई पाण्यात बुडाली होती, आपल्यातले कितीतरी जण कुठे ना कुठे अडकले होते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी समुद्रात काय झालं ते अनेकांच्या लक्षातही राहिलं नाही. 'समुद्र सुरक्षा' या जहाजावरच्या एका जखमी माणसाला उपचारासाठी मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर उतरवायचं होतं. खवळलेल्या समुद्रात जहाज प्लॅटफॉर्मवर आदळलं, वायूच्या उभ्या वाहिनीला धक्का बसला, आग लागली आणि दोन तासांच्या आत सगळा प्लॅटफॉर्म नष्ट झाला. २२ माणसं गेली. साडेतीनशेहून अधिक माणसांना त्या हवामानात वाचवलं, हेही विसरू नये. समुद्रातल्या कामाच्या सुरक्षिततेचे स्वतंत्र नियम आपल्याकडे त्यानंतर, २००८ मध्ये आले.

तिसरी घटना तुम्हाला माहीत असेल. २० एप्रिल २०१०, मेक्सिकोचं आखात, 'डीपवॉटर होरायझन'. ११ माणसं गेली आणि विहीर ८७ दिवस वाहत राहिली. सरकारी अंदाजाप्रमाणे सुमारे ४९ लाख पिंपं तेल बाहेर आलं. त्याच्या चौकशीतल्या तीन गोष्टी मी आमच्या नव्या मुलामुलींना नेहमी सांगते.

पहिली: विहीर नीट बंद झाली की नाही हे पाहण्यासाठी दाबाची चाचणी घेतली. एका नळीवर शून्य दाब, दुसऱ्या नळीवर १,४०० पीएसआय. दोन्ही नळ्या एकाच विहिरीत, म्हणजे दोन्ही खऱ्या असूच शकत नाहीत. त्या माणसांनी १,४०० साठी एक स्पष्टीकरण शोधलं आणि शून्यावर विश्वास ठेवला, कारण शून्य त्यांना हवं होतं. दुसरी: तिथल्या मुख्य इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञाने साक्षीत सांगितलं की धोक्याची मुख्य घंटा आपोआप वाजणार नाही अशी करून ठेवली होती. कारण खोट्या इशाऱ्यांनी रात्री माणसांची झोपमोड होत होती. घंटा फार वाजते म्हणून बंद करणं हे माणसाच्या स्वभावातच आहे. म्हणून घंटा वारंवार खोटी वाजू न देणं हे आमचं, प्रणाली लिहिणाऱ्यांचं काम आहे. तिसरी गोष्ट ऐकून हसू येतं. आखातात तेल सांडलं तर काय करायचं याची जी योजना कंपनीने मंजूर करून घेतली होती, तिच्यात जपायच्या प्राण्यांत वॉलरसचं नाव होतं. वॉलरस बर्फाळ समुद्रात राहतो, मेक्सिकोच्या आखातात नाही. शिवाय तातडीच्या वेळी ज्या तज्ज्ञांना फोन करायचा, त्यांतल्या एकाचं निधन काही वर्षांपूर्वीच झालेलं होतं. पुढे अमेरिकी संसदेतल्या सुनावणीत उघड झालं की इतर बड्या कंपन्यांच्या योजनांतही तेच वॉलरस होते. सगळ्यांनी एकाच वहीतून उतरवलं होतं. आणि तपासणाऱ्याने न वाचता सही केली होती.

पाहणाऱ्याला कोण पाहतं?

न वाचता सही का झाली? अमेरिकेत समुद्रातले तेलाचे पट्टे भाड्याने देणं, त्यावरचा महसूल गोळा करणं आणि सुरक्षिततेची तपासणी करणं, ही तिन्ही कामं एकाच कार्यालयाकडे होती. तेल जितकं जास्त निघेल तितका महसूल जास्त. अशा वेळी तपासनीस कितीही प्रामाणिक असला तरी त्याचं कार्यालय दोन नावांवर पाय ठेवून उभं असतं. २०१० नंतर ती कामं वेगवेगळ्या कार्यालयांकडे दिली. ब्रिटनने पायपर अल्फानंतर सुरक्षिततेचं काम ऊर्जा खात्याकडून काढून घेतलं. नॉर्वेने २००४ मध्ये सुरक्षेची संस्था वेगळी केली. तीन देश, तीन वेगवेगळ्या वाटा, पण एकच निष्कर्ष: उत्पादन वाढवणारा आणि तपासणारा एकाच खुर्चीत नको.

आपल्याकडे समुद्रातल्या सुरक्षिततेची देखरेख करणारं तेल उद्योग सुरक्षा संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाच्याच अखत्यारीत आहे. पर्यावरण परवानगी पर्यावरण मंत्रालय देतं. तेल सांडलं तर १९९६ च्या राष्ट्रीय योजनेप्रमाणे समन्वय तटरक्षक दलाकडे, म्हणजे संरक्षण मंत्रालयाकडे. प्रत्येकाकडे कामाची माणसं आहेत, मी त्यांना कमी लेखत नाही. पण मच्छीमाराने जाळ्यात तेल आलं म्हणून तक्रार करायची तर कुठल्या दारात जायचं, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. शिवाय जानेवारी २०२० मध्ये तेल-वायूच्या शोधासाठीच्या खोदाईला कमी कडक गटात टाकलं गेलं. त्या गटाला सविस्तर पर्यावरण अहवाल आणि जनसुनावणी यांची सक्ती नाही. प्रत्यक्ष उत्पादन मात्र पहिल्याच गटात राहिलं. देशाला तेल लागतं, शोध लवकर व्हावा ही गरज मला समजते. माझ्याही घरात गॅसची शेगडी आहे. पण जिथे जनसुनावणी होत नाही तिथे नोंदी आणखी उघड्या असाव्यात, एवढं तरी मागायला हवं.

नियम म्हणजे फक्त अडवणूक, असं मानणाऱ्यांसाठी एक उदाहरण. नॉर्वेने १९९१ मध्ये समुद्रातल्या प्लॅटफॉर्मच्या कार्बन डायऑक्साइडवर कर लावला. 'स्लाइप्नर' क्षेत्रातल्या वायूत सुमारे ९ टक्के कार्बन डायऑक्साइड होता आणि विकण्यासाठी तो अडीच टक्क्यांवर आणायला हवा होता. काढलेला वायू हवेत सोडायचा तर कर भरावा लागणार. मग इंजिनिअर मंडळींनी १९९६ पासून तो समुद्रतळाखाली सुमारे एक किलोमीटरवरच्या वाळूच्या खडकात दाबायला सुरुवात केली, वर्षाला जवळपास दहा लाख टन. कर नसता तर हे डोकं कोणी चालवलं नसतं.

आपण दहावीला होतो तेव्हा

१९९५ मध्ये आपण बोर्डाच्या परीक्षेच्या धास्तीत होतो, तेव्हा उत्तर समुद्रात 'ब्रेंट स्पार'वरून मोठं रण पेटलं होतं. शेल कंपनीची ही तेल साठवायची प्रचंड तरंगती टाकी जुनी झाली होती. ब्रिटिश सरकारच्या परवानगीने ती अटलांटिकमध्ये खोल जागी बुडवायचं ठरलं. ग्रीनपीसचे कार्यकर्ते ३० एप्रिलला टाकीवर चढून बसले. जर्मनीत लोकांनी शेलच्या पेट्रोल पंपांकडे पाठ फिरवली. २० जूनला कंपनीने बेत सोडला.

पण गोष्ट इथे संपत नाही. टाकीत ५,५०० टन तेल आहे, असं ग्रीनपीसने सांगितलं होतं. ते चुकलं होतं. नमुना टाकीतून नव्हे, टाकीकडे जाणाऱ्या नळीतून घेतला गेला होता. सप्टेंबरमध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली. म्हणजे आंदोलनाचा मुद्दा टिकला आणि आकडा पडला. १९९८ मध्ये ऑस्पारने जुने प्लॅटफॉर्म समुद्रात टाकायला किंवा तसेच सोडायला बंदी घातली, काही फार अवजड रचनांचा अपवाद ठेवून. ब्रेंट स्पार कापून तिचे तुकडे नॉर्वेत एका धक्क्याच्या पायात वापरले. मी यातून एवढंच घेतलं की बाजू कितीही न्याय्य असली तरी बाटली योग्य जागी बुडवावी लागते. चुकीच्या आकड्याने सर्वाधिक नुकसान आपल्याच बाजूचं होतं.

हा प्रश्न आता आपल्याही दारात आहे. मुंबई हायवरच्या काही रचना आपल्याच वयाच्या आहेत. ताप्ती क्षेत्रातले जुने प्लॅटफॉर्म काढून किनाऱ्यावर आणण्याचं काम झालं, देशातलं त्या प्रकारचं ते पहिलं. पुढे अशी कामं वाढणार. विहीर कायमची बुजवली का, समुद्रतळ मोकळा झाला का, तिथे जाळं अडकणार नाही ना, हे प्रश्न विचारायचा पहिला हक्क मच्छीमारांचा आहे. प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरच्या आत होडी न्यायची नाही हा नियम ते वर्षानुवर्षं पाळत आले आहेत. जागा रिकामी झाली तर ती नीट रिकामी होऊन परत मिळायला हवी.

आपल्या किनाऱ्यासाठी एक सूचना

शेवटी डांबराचे गोळे. मे ते सप्टेंबर वाळूत चालून आलं की तळव्याला चिकटणारे, रॉकेलने किंवा खोबरेल तेलाने पुसावे लागणारे. आपण त्यांना पावसाळ्याचाच भाग समजत होतो. ते समुद्रात सांडलेल्या तेलाचे अवशेष असतात. वाऱ्या-लाटांनी घट्ट होऊन नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर किनाऱ्याला लागतात. प्रत्येक तेलक्षेत्राच्या तेलाचा एक रासायनिक ठसा असतो, आपल्या बोटांच्या ठशासारखा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिथल्या किनाऱ्यावरच्या गोळ्यांचे ठसे तपासले, तेव्हा काही जाणाऱ्या-येणाऱ्या तेलवाहू जहाजांच्या टाक्या धुतल्याचे, तर काही मुंबई हायच्या तेलाशी जुळणारे निघाले. म्हणजे एकाच कोणावर बोट ठेवून मोकळं होता येत नाही. पण चोर सापडणं शक्य आहे, हे मात्र सिद्ध झालं. त्यासाठी कुठल्या दिवशी, कुठे, किती आलं याची नोंद लागते. ती नोंद आपल्या किनाऱ्यावर कोणी सलग ठेवत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. आपल्या तुकडीने शाळेला काय द्यावं याची गटावर चर्चा चालू आहे. पंखे आणि कपाट द्यायला हवंच. त्याबरोबर आठवी-नववीच्या मुलांसाठी एक वही सुरू करूया. किनाऱ्याचा शंभर पावलांचा एक पट्टा ठरवायचा. दर रविवारी ओहोटीच्या वेळी हातमोजे घालून गोळे उचलायचे, वजन करायचं, तारीख, वेळ, वारा लिहायचा आणि फोटो काढायचा. काही नमुने काचेच्या बाटलीत जपून ठेवायचे. वजनकाटा, हातमोजे, बाटल्या यांचा खर्च मी देते. मापन कसं करायचं ते शिकवायला सुट्टीत येईन. आपल्यातले जे होड्यांवर आहेत, त्यांनी समुद्रात तेलाचा तवंग दिसला की जागा आणि वेळ कळवायची.

नियम एकच ठेवू. पट्टा चालून पाहिला आणि काही मिळालं नाही, तर वहीत 'शून्य' लिहायचं. पावसामुळे किंवा परीक्षेमुळे जाताच आलं नाही, तर 'पाहणी नाही' असं लिहायचं. त्या जागी मागच्या रविवारचा आकडा लिहायचा नाही. पाच-सहा वर्षांची अशी वही झाली तर ती घेऊन आपण कुठल्याही कार्यालयाच्या दारात जाऊ शकतो, आणि समोरच्याला ती बाजूला सारता येणार नाही.

बाई, पहिल्या वर्षीची वही तुम्ही तपासावी अशी विनंती आहे. खाडाखोड दिसली तर परत पाठवा.

वीस मिनिटं झाली. आता जेवायला चला.